सन हाउस यांचे 1965 चे वादन: लय खरोखर चुकते का?

मंद्रतार (प्रश्न)

सर्वांना नमस्कार.

मी गेली आठ-नऊ वर्षे गिटार वाजवतो आहे. ब्लूजशी, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या गीतसंगीताशी, माझी ओळख वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत भरणाऱ्या महिंद्रा ब्लूज महोत्सवात झाली. तिथे ऐकलेले सगळे संगीत विजेवर चालणाऱ्या गिटारींचे आणि ड्रम्सच्या भक्कम साथीचे होते. त्याचे मूळ शोधत मागे जाताना आधी शिकागोचे ब्लूज गायक मडी वॉटर्स भेटले आणि मग, ज्यांचे वादन ऐकत मडी वॉटर्स तयार झाले, ते मिसिसिपीचे गायक-गिटारवादक सन हाउस भेटले. 1965 साली कोलंबिया कंपनीने न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित केलेले त्यांचे ‘डेथ लेटर’ ऐकले तेव्हापासून दुसरे काही वाजवण्याची इच्छाच उरलेली नाही. एक आवाज, एक पोलादी गिटार आणि जमिनीवर आपटणारा पाय एवढ्याच सामग्रीवर त्रेसष्ट वर्षांचा एक माणूस आपल्याला खुर्चीत खिळवून ठेवतो.

गेले सहा महिने मी ही रचना बसवण्याचा प्रयत्न करतो आहे आणि एका ठिकाणी पूर्णपणे अडलो आहे. बारा बारचा ब्लूज म्हणजे तीन ओळी, प्रत्येक ओळीला चार बार आणि प्रत्येक बारमध्ये चार मात्रा, असे मला शिकवले गेले. म्हणजे एका कडव्याच्या अठ्ठेचाळीस मात्रा व्हायला हव्यात. सन हाउस यांच्या कडव्यांत मात्र हा हिशेब कधीच जुळत नाही. कुठे मात्रा कमी पडतात, कुठे उरतात, आणि मेट्रोनोम (ठरावीक गतीने ठोके देणारे यंत्र) लावला तर गाणे अर्ध्यावर येईपर्यंत ते माझ्या कितीतरी पुढे निघून गेलेले असतात.

ज्यांच्याकडे मी शिकतो त्यांचे म्हणणे असे की, या गृहस्थांनी अनेक वर्षे गिटारला हात लावला नव्हता, मद्याचे व्यसन होते, वय झाले होते, आणि स्वतःचीच गाणी त्यांना एका वीस-एकवीस वर्षांच्या मुलाने पुन्हा शिकवली. तेव्हा त्यातल्या चुका चुका समजून गाळाव्यात आणि रचना सरळ बारा बारमध्ये बसवून वाजवावी. हे मला पटत नाही, पण ते खोडून काढण्याइतका माझा अभ्यासही नाही.

म्हणून दोन प्रश्न विचारतो. ही अनियमित लय वार्धक्याचा दोष आहे की वादनाची पद्धतच तशी आहे? आणि त्या मुलाने खरोखरच गाणी शिकवली असतील, तर 1965 ची ध्वनिमुद्रणे अस्सल डेल्टा ब्लूज मानावीत का? पुढच्या महिन्यात मित्रांच्या एका छोट्या बैठकीत मी हे एकट्याने सादर करणार आहे, त्यामुळे उत्तराची मला खरोखरच गरज आहे.

पितळीनळी

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचा प्रयत्न करतो, कारण याच जागी मीही दोन वर्षे अडकलो होतो.

वार्धक्याची शंका दूर करण्याचा सोपा मार्ग म्हणजे 1930 ची ध्वनिमुद्रणे ऐकणे. त्या वर्षी मे महिन्यात विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टन या गावी पॅरामाउंट कंपनीसाठी सन हाउस यांनी ‘माय ब्लॅक ममा’, ‘प्रीचिन द ब्लूज’ आणि ‘ड्राय स्पेल ब्लूज’ ही गाणी मुद्रित केली, तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. ‘डेथ लेटर’ची पाळेमुळे ‘माय ब्लॅक ममा’च्या दुसऱ्या भागात आहेत, सकाळी पत्र येते आणि प्रेयसी वारल्याचे कळते, हा प्रसंग तिथे आधीच आलेला आहे. आपण ती तबकडी मोजून पाहा. ऐन तारुण्यातही ओळींची लांबी कमीजास्त होतेच. जी गोष्ट अठ्ठाविसाव्या वर्षी होती, तिचा दोष त्रेसष्टाव्या वर्षाला देता येत नाही.

आता दुसरा पुरावा पाहा. 1941 मध्ये लोकसंगीताचे संग्राहक अॅलन लोमॅक्स यांनी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी त्यांचे वादन मिसिसिपीतील लेक कॉर्मोरंट येथील एका दुकानात मुद्रित केले. (त्यातल्या एका गाण्यात मागून जाणारी आगगाडी ऐकू येते, मला ते ध्वनिमुद्रण त्या आवाजासकट प्रिय आहे.) तिथे विली ब्राउन यांची दुसरी गिटार, मँडोलिन आणि हार्मोनिका अशी साथ असलेली काही गाणी आहेत. चौघे मिळून वाजवत असताना ठेका घट्ट धरलेला आहे, कारण चौघांना एकाच ठिकाणी वळायचे असते. म्हणजे लय सांभाळणे त्यांना येत नव्हते, असे मुळीच नाही. एकटे असताना मात्र वळण कुठे घ्यायचे हे दुसऱ्या कोणाला कळवण्याची गरजच उरत नाही, आणि त्या मोकळिकीवर त्यांचे सगळे वादन उभे आहे.

आपण मेट्रोनोमशी लढत आहात, त्याऐवजी त्यांच्या पायाकडे लक्ष द्या. पायाचा ठोका एकामागून एक येत राहतो. तो हळूहळू चढतो, पण अडखळत नाही. मात्रा समान आहेत, आवर्तन समान नाही, एवढे एक लक्षात आले की निम्मी अडचण सुटते. ओळ गाऊन झाल्यावर गिटार उत्तर देते, आणि ते उत्तर किती लांबायचे हे त्या क्षणी श्वास आणि ओळीतला भाव ठरवतात. उत्तर दोन मात्रांत पुरे झाले तर ते दोन मात्रांत पुढची ओळ उचलतात. नळी तारेवर थरथरत ठेवून आणखी काही सांगायचे असेल तर चार-पाच मात्रा जास्त घेतात. आपल्या कानाला समेची सवय असल्याने आपण तिची वाट पाहत बसतो. इथे सम ठरलेल्या जागी येत नाही, ती गायक पुढची ओळ उचलतो तिथे येते.

तारा कशा लावल्या आहेत हेही पाहावे लागेल. ‘डेथ लेटर’साठी ओपन जी लावतात; जाड तारेपासून मोजले तर डी, जी, डी, जी, बी, डी. जी हा षड्ज धरला तर प, सा, प, सा, ग, प असे सूर मिळतात. मोकळ्या तारा छेडल्या की षड्ज-पंचमाचा भरणा आपोआप होत राहतो, त्यामुळे उजवा हात तालवाद्याचे काम करू शकतो. सन हाउस तारा नुसत्या छेडत नाहीत, ते संपूर्ण हात उगारून त्यांवर मारतात आणि मधूनच एखादी तार बोटाने ओढून सोडतात, तेव्हा ती फळीवर आपटून चटकन वाजते. डाव्या हाताच्या बोटातली धातूची नळी गंधाराला जाते तेव्हा ती कोमल आणि शुद्ध यांच्या मधल्या जागेत रेंगाळते. पडद्यांवर बोट दाबून ती जागा मिळणार नाही, त्यामुळे नळीशिवाय हे गाणे बसवण्याचा प्रयत्न करू नये, असे माझे मत आहे.

पोलादी गिटारबद्दलही थोडे सांगतो. नॅशनल कंपनीच्या या गिटारींच्या पोटात अॅल्युमिनियमचा पातळ शंकू असतो आणि तारांचे कंपन त्यावरून बाहेर फेकले जाते. विजेचे ध्वनिवर्धक हाताशी नसताना नाचणाऱ्यांच्या गोंगाटातही वाद्य ऐकू जावे, या गरजेतून 1920 च्या दशकाच्या अखेरीस ती घडली. आपल्याकडे लाकडी गिटार असेल तरी चालेल. तारा थोड्या जाड घ्या आणि फळीपासून किंचित उंच ठेवा, म्हणजे नळी पडद्यांना घासणार नाही.

सरावाची माझी रीत अशी होती. पहिले पंधरा दिवस गिटार बाजूला ठेवली आणि फक्त पाय वाजवत गाणे म्हटले. शब्दांनी ओळ किती लांब हवी ते सांगितले, मग गिटार घेतली. बार मोजणे मी तेव्हापासून सोडले.

जुनीतबकडी

दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. ‘एका मुलाने शिकवली’ हे वाक्य सर्वत्र फिरते आणि त्यातून सन हाउस यांच्यावर अन्याय होतो, म्हणून घटनाक्रम नीट मांडणे आवश्यक वाटते.

सन हाउस यांचा जन्म 1902 चा, मिसिसिपीतील क्लार्क्सडेलजवळचा. डेल्टा म्हणजे नदीचे मुख, असा आपला समज होतो. इथे मात्र मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांच्या मधली, पुराच्या गाळाने बनलेली सपाट जमीन अभिप्रेत आहे. ती कापसाची जमीन होती आणि तिच्यावर कृष्णवर्णीय कुटुंबे बहुधा बटाईने राबत. सन हाउस किशोरवयापासून बाप्टिस्ट चर्चमध्ये प्रवचन देत असत आणि पंचविशीपर्यंत त्यांनी गिटार हाती घेतली नव्हती. पुढे एका गोळीबारात त्यांच्या हातून माणूस मारला गेला आणि पार्चमनच्या तुरुंगशेतावर त्यांनी शिक्षा भोगली. सुटून आल्यावर त्यांची गाठ डेल्टातले नामवंत ब्लूज गायक चार्ली पॅटन यांच्याशी पडली, आणि पॅटन यांच्यामुळेच ते 1930 मध्ये ग्राफ्टनला पोहोचले. पॅरामाउंट ही मुळात फर्निचर बनवणाऱ्या कंपनीची शाखा. आर्थिक मंदी सुरू झालेली असल्याने त्या तबकड्या फारच थोड्या खपल्या आणि आज त्यांच्या मूळ प्रती अतिशय दुर्मिळ आहेत.

1943 मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरला निघून गेले. त्याच वर्षी मडी वॉटर्स शिकागोला गेले; एकाने तिथे विजेची गिटार घेतली, दुसऱ्याने रेल्वेची नोकरी धरली. जुने सोबती विली ब्राउन 1952 मध्ये वारले, आणि त्यानंतर आपण वाजवणे सोडले, असे सन हाउस यांनी पुढे सांगितले आहे. जून 1964 मध्ये डिक वॉटरमन, निक पर्ल्स आणि फिल स्पायरो हे तिघे तरुण त्यांना मिसिसिपीत शोधून शेवटी रॉचेस्टरला पोहोचले, तेव्हा आपल्या तबकड्यांना संग्राहक जिवापाड जपतात, याची या माणसाला कल्पनाही नव्हती.

यानंतर अॅलन विल्सन यांचा प्रवेश होतो. पुढे कॅन्ड हीट या वाद्यवृंदामुळे प्रसिद्धीस आलेले विल्सन तेव्हा एकवीस वर्षांचे होते आणि 1930 ची व लोमॅक्स यांनी केलेली 1941-42 ची ध्वनिमुद्रणे त्यांना तोंडपाठ होती. त्यांनी सन हाउस यांच्यासमोर बसून ‘हे तुम्ही तेव्हा असे वाजवले होते’ आणि ‘पुढे असे वाजवले होते’ हे गिटारवर दाखवले, आणि हातांना विसरलेल्या वाटा सापडू लागल्या. याला मी आठवण करून देणे म्हणेन. जिने आयुष्यभर ओव्या म्हटल्या आहेत त्या वृद्धेला नातीने पहिला चरण सुचवावा, तशी ती मदत होती. पुढचा चरण नातीचा नसतो. विल्सन यांनी बोटे दाखवली असतील, पण तो आवाज ते कुठून देणार होते?

शिवाय 1965 मध्ये जे घडले ते 1930 ची नक्कल नाही, हे कान देऊन ऐकणाऱ्याला लगेच कळते. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटे मावत, म्हणून ‘प्रीचिन द ब्लूज’ दोन बाजूंवर कापून भरावे लागले. 1965 मध्ये ती भिंत नव्हती. ‘डेथ लेटर’मध्ये पत्र येते, तो सामान बांधून निघतो, पोहोचतो तेव्हा ती शवाच्या फळीवर निजलेली असते, मग दफनभूमी, मग रात्रीचे एकटेपण, ही कडवी ते वेगवेगळ्या मैफलींत वेगवेगळ्या क्रमाने घेत आणि काही गाळत. ज्याला कोणी गाणे पढवले आहे तो पढवलेला क्रम धरून चालतो.

2022 मध्ये वॉटरमन यांच्या संग्रहातील एक ध्वनिफीत ‘फॉरएव्हर ऑन माय माइंड’ या नावाने प्रकाशित झाली. ती नोव्हेंबर 1964 मध्ये इंडियानातील वॉबाश महाविद्यालयात झालेल्या मैफलीची आहे, म्हणजे कोलंबियाच्या मुद्रणाच्या काही महिने आधीची. तिथे ते कुठलीही घाई न करता एकटेच वाजवतात. आपण ती अवश्य मिळवून ऐकावी.

नदीकाठ

वरील दोन्ही उत्तरांचा आदर राखून एक मतभेद नोंदवतो. 1965 च्या ध्वनिमुद्रणांवर माझेही प्रेम आहे, परंतु 1930 च्या तबकड्यांतील गिटार अधिक चपळ आणि अधिक गुंतागुंतीची आहे, हे मान्य करायला हवे. दीर्घ खंडाचा आणि वयाचा परिणाम हातावर झालाच होता, आणि तसे म्हटल्याने त्यांचा मान कमी होत नाही. लयीची अनियमितता ही पद्धत आहे, हे पितळीनळी यांचे म्हणणे मला पूर्ण पटते. पण म्हणून 1965 मधला प्रत्येक घसरलेला सूर हेतुपुरस्सर आहे, असे समजून त्याची हुबेहूब नक्कल करू नये.

दुसरे असे की, सा-ग-प लिहून तारा समजून घेणे सोयीचे आहे, पण तिथून पुढे ‘हा धानी रागच आहे’ वगैरे म्हणायला आपली मंडळी फार लवकर तयार होतात. सूर जुळले तरी चलन वेगळे आहे, न्यासाच्या जागा वेगळ्या आहेत. या संगीताला त्याच्याच मातीत राहू द्यावे.

मंद्रतार

तिन्ही उत्तरांसाठी मनापासून आभार. गेले आठ दिवस मेट्रोनोम बंद करून, फक्त पाय वाजवत गाणे म्हणून पाहिले. तिसऱ्या दिवशी एक गोष्ट जाणवली: मी आजवर गिटारमध्ये शब्द कोंबत होतो, म्हणून श्वास अपुरा पडत होता. शब्द आधी आल्यावर गिटार कुठे थांबायची ते जवळजवळ आपोआप कळू लागले. नदीकाठ यांची सूचनाही लक्षात ठेवली आहे. घसरलेले सूर मी उचलणार नाही.

एक शंका मात्र वाढली. शब्द आधी आले, आणि ते शब्द माझे नाहीत. मिसिसिपीतल्या शेतमजुराचा उच्चार मी आणू पाहतो तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटते, आणि साध्या इंग्रजी उच्चारात म्हटले तर ओळ कोरडी पडते. या बाबतीत कोणी मार्गदर्शन करू शकेल का?

उत्तररात्र

मी वाजवत नाही, केवळ ऐकते. पण पस्तीस वर्षे ऐकते आहे, त्या आधारावर लिहिते.

आपण सन हाउस यांची गिटार नसलेली गाणी ऐकली आहेत का? 1965 च्याच मुद्रणांत ‘जॉन द रेव्हलेटर’ आणि ‘ग्रिनिन इन युअर फेस’ अशी दोन आहेत, ज्यांत आवाज आणि टाळ्या यांखेरीज काहीही नाही. ‘जॉन द रेव्हलेटर’ हे प्रश्नोत्तराचे भक्तिगीत आहे. एकाने विचारायचे आणि सभेने उत्तर द्यायचे, अशी त्याची मूळ मांडणी. आपल्या कीर्तनात बुवांच्या मागे टाळकरी असतात तसा तिथे समुदाय असतो. सन हाउस दोन्ही बाजू एकट्याने गातात, आणि तरीही सगळे चर्च भरल्याचा भास होतो. मला वाटते, त्यांच्या ब्लूजमध्येही हेच घडते. ‘डेथ लेटर’मध्ये प्रवचनकार ओळ उच्चारतो आणि त्यांची गिटार त्या ओळीला सभेसारखी होकार देते. सभा कधी थोडक्यात होकार देते, कधी हेलावून जाऊन लांबवते; मात्रा कमीजास्त होण्यामागे हेही एक कारण असावे.

ज्या चर्चमध्ये ते घडले त्या चर्चला ब्लूज हे पापाचे गाणे वाटत असे, आणि त्यांनाही ही टोचणी आयुष्यभर लागून राहिली. ‘प्रीचिन द ब्लूज’मध्ये आपण प्रवचनकार होणार म्हणजे काम करावे लागणार नाही असे ते गातात, आणि त्यामागचा ताण 1930 मध्ये आहे तसाच पस्तीस वर्षांनीही आहे. 1965 च्या सुमाराचे त्यांचे चित्रीकरण पाहताना मला नेहमी वाटते की, डोके मागे टाकून डोळे मिटलेला हा माणूस समोरच्या महाविद्यालयीन श्रोत्यांसाठी गात नाही. तो मधेच बोलू लागतो, आणि ब्लूज एकाच प्रकारचा असतो, एकमेकांवर प्रेम करणाऱ्या स्त्री-पुरुषांमधला, असे पुन्हा पुन्हा सांगतो.

उच्चाराविषयी माझे मत स्पष्ट आहे: तो आणू नका. उत्तरेकडे निघून गेलेल्या त्या पिढीने जे सोसले त्याचा तो उच्चार आहे, आणि उसना घेतला की तो सोंग वाटतो. ओळ कोरडी पडते ती उच्चारामुळे नव्हे. आपण बहुधा ती एका दमात सपाट म्हणत असाल. सन हाउस एकच ओळ दोनदा म्हणतात तेव्हा दुसऱ्या वेळी जोर वेगळ्या शब्दावर पडतो. पत्र आल्याची ओळ पहिल्यांदा बातमी असते आणि दुसऱ्यांदा ती बातमी त्यांनाच पहिल्यांदा कळते. ती दुसरी ओळ आपल्या नेहमीच्या आवाजात, आपल्याच उच्चारात म्हणून पाहा.

आणि आधी ‘ग्रिनिन इन युअर फेस’ म्हणा. तोंडावर हसून पाठीमागे बोलणाऱ्या माणसांविषयीचे ते गाणे आहे. शब्द थोडे, चाल सोपी आणि लपायला गिटार नाही.

मंद्रतार

उत्तररात्र, आपण सांगितल्याप्रमाणे काल रात्री ते गाणे म्हटले. दुसऱ्या कडव्यापर्यंत टाळ्या बरोबर पडल्या, मग मी त्या मोजू लागलो आणि चुकल्या. बैठकीत मी ‘ग्रिनिन’ने सुरुवात करून मग ‘डेथ लेटर’ची चारच कडवी घेणार आहे. दफनभूमीचे कडवे अजून माझ्याच्याने गाववत नाही, तिथे आवाज फुटतो; ते वगळून शवाच्या फळीपाशी थांबेन आणि शेवटची ओळ नळीवर सोडून देईन. पितळीनळी, तिथे नळी बाराव्या पडद्यावर ठेवून थरथरत सोडावी की मोकळ्या तारांवर परतावे, एवढे मात्र कृपया सांगा.

पितळीनळी

मोकळ्या तारांवर परता. बाराव्या पडद्यावर थांबलात तर सूर वरच लटकत राहतो आणि ऐकणाऱ्याला आणखी एक कडवे येणार असे वाटते. खालच्या जी तारेवर अंगठा दोनदा मारा, नळी उचला, आणि त्यानंतर पायाचे दोन-तीन ठोके तसेच पडू द्या.